जुने बूट घ्यावेत का? घ्यायचे तर पारखायचे कसे आणि धुवायचे कसे

वापरलेले बूट घ्यावेत की नाही, याचं सरसकट उत्तर नाही. ते बुटाच्या प्रकारावर ठरतं. शिवलेल्या तळाचे चामडी फॉर्मल बूट जरूर घ्या. मुलांचे फुटबॉलचे स्टड, लग्नात एकदाच पायात गेलेल्या मोजड्या, हेही बेलाशक घ्या. ट्रेकिंगचे बूट नीट पारखून घ्या. धावण्याचे बूट शक्यतो घेऊ नका. कारखान्यात घालायचे सेफ्टी शूज तर अजिबात नको.

जुना शर्ट धुतला की तुमचा होतो. बुटाचं तसं होत नाही, कारण आधीच्या माणसाचं वजन, चाल आणि पायाचा आकार त्यात बसलेला असतो. शिवाय आतला फोम आणि गोंद नुसत्या वयानेही खराब होतात, आणि ते वरून दिसत नाही. पुढचं सगळं या न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल आहे. जुने बूट घेणारे बरेच जण गरजेपोटी घेतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करत असतो, कुणाची पहिली मुलाखत असते, कुणाला मित्रांबरोबर पहिल्यांदा राजमाचीला जायचं असतं. त्यांचे पाचशे-हजार रुपये वाया जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

आधी घरी पाय मोजा

बाजारात जाण्यापूर्वी संध्याकाळच्या वेळी पायाचं माप घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात, त्यामुळे सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. जाड पुठ्ठ्यावर उभं राहा, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पायांची बाह्यरेषा काढा आणि कापून घ्या. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो. माप मोठ्या पायाचं धरायचं.

हा पुठ्ठा सोबत न्या. जुन्या बाजारात बूट घालून बघायला जागा नसते, कधी मोजे नसतात, कधी दुकानदार घाई करतो. अशा वेळी बुटातला सुकतळा, म्हणजे आतला सुटा तळ (इनसोल), बाहेर काढा आणि पुठ्ठा त्यावर ठेवा. पुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा उरली पाहिजे आणि चवड्याच्या ठिकाणी पुठ्ठा बाहेर येता कामा नये. रुंदी न जमणारा बूट कितीही स्वस्त असला तरी परत ठेवा. लांबी थोडी जास्त असेल तर जाड मोज्याने भागतं, रुंदी कमी असेल तर काहीच करता येत नाही.

नंबर वाचताना घोळ होतो. आपल्याकडे दुकानात साधारणपणे ब्रिटिश नंबर चालतो, पण जुन्या बाजारात बाहेरून आलेला मालही असतो. पुरुषांच्या बुटात ब्रिटिश ८ म्हणजे अमेरिकन ९ आणि युरोपीय सुमारे ४२. लेबलवर सेंटिमीटरमध्ये लांबी दिली असेल तर तिच्यावर जास्त विसंबा. आणि लेबल दोन्ही बुटांवरचं वाचा. डावा आठचा आणि उजवा नऊचा अशी जोडी बाजारात सहज खपवली जाते.

कुठे घ्यायचे

मुंबईत कामाठीपुरा भागातली देढ गल्ली बुटांसाठी ओळखली जाते. तिथला बाजार शुक्रवारी पहाटे, उजाडायच्या आधी भरतो. चोर बाजारातही शुक्रवारी गर्दी असते. पुण्यात बुधवार आणि रविवारचा जुना बाजार आहे. अंधारात भरणाऱ्या बाजारात जायचं तर टॉर्च न्या आणि ती बुटाच्या आत मारा. पिवळ्या बल्बखाली पांढरा रंग फासलेला सोल नवाच दिसतो.

अशा बाजारातला बराच माल दुरुस्त करून, रंगवून आलेला असतो. यात गैर काही नाही, ते कष्टाचं काम आहे. पण आपण काय घेतोय ते कळलं पाहिजे. सोलच्या कडेला पांढरा रंग दिला असेल तर नखाने खरवडून बघा. नवा सुकतळा चिकटवला असेल तर त्याचं टोक उचलून खालचा जुना तळ बघा. झिजलेला तळ झाकायला नवा सुकतळा फार सोयीचा पडतो.

ओळखीच्या माणसाकडून घेतलेली जोडी सगळ्यांत चांगली. ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, क्लबमध्ये विचारा. ‘नंबर चुकला म्हणून दोनदाच घातले’ असं कुणी सांगितलं तर ते पडताळता येतं. ऑनलाइन घेताना पाच फोटो मागा: दोन्ही तळवे, मागून दिसणाऱ्या टाचा, बाजूने दिसणारा मधला फोम, सुकतळा काढल्यावरचा आतला भाग आणि जिभेमागचं लेबल. तळव्याचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली की विषय तिथेच संपवा. वस्तू हातात घेतल्याशिवाय पैसे पाठवू नका.

दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली, फर्स्ट कॉपी. नामांकित कंपनीची नक्कल वापरून जुनी झाली की तिला नकलेच्या जुन्याचाच भाव असतो. जिभेमागच्या लेबलवर मॉडेलचा कोड असतो. तो इंटरनेटवर टाकून बघा. समोर दुसराच रंग किंवा दुसरंच मॉडेल आलं तर समजून जा. दुसरी, चोरीचा माल. देवळाबाहेरून आणि इमारतींच्या जिन्यातून बूट चोरीला जातात, आणि ते कुठेतरी विकलेही जातात. जवळजवळ नवे, महागडे बूट कवडीमोलाने मिळत असतील तर घेऊ नका. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, तो अप्रामाणिकपणे घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

हातात घेतल्यावर काय बघायचं

बूट आधी सपाट फळीवर ठेवा आणि डोळे टाचेच्या पातळीवर आणून मागून बघा. दोन्ही टाचा सरळ उभ्या हव्यात. एखादी आत किंवा बाहेर कललेली असेल तर मधला फोम एका बाजूने दबला आहे. तो बूट तुमच्या घोट्यालाही त्याच बाजूला ढकलणार, आणि तिथून दुखणं गुडघ्यापर्यंत जाऊ शकतं. हा दोष कोणत्याही दुरुस्तीने जात नाही. माझ्या मते नकार द्यायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

मग तळवा उलटा करा. टाचेच्या बाहेरच्या कडेला थोडी झीज असणं अगदी नेहमीचं आहे. आतल्या बाजूची भरपूर झीज किंवा एका बुटाची दुसऱ्यापेक्षा खूप जास्त झीज मात्र आधीच्या माणसाच्या चालीबद्दल सांगते. ती चाल तुमची नाही.

टाचेभोवतीचा कडक कप दोन बोटांनी दाबा. तो पिचपिचीत झाला असेल तर टाच आत हलत राहील आणि फोड येतील. बूट दोन्ही हातांनी वाकवा. तो चवड्यापाशी, म्हणजे बोटं जिथे दुमडतात तिथे, वाकला पाहिजे. मधोमध वाकणाऱ्या बुटाने आधार सोडलेला असतो. आत हात घालून टाचेचं अस्तर चाचपा. फाटलेल्या अस्तरातून प्लास्टिकची कड लागत असेल तर ती पहिल्याच दिवशी सोलून काढेल. सुकतळ्यावर बोटांचे खोल खळगे पडले असतील तर बूट दिसतो त्यापेक्षा खूप जास्त वापरला गेला आहे.

शेवटी वास. घामाचा वास धुऊन जातो. कुबट, ओलसर वास म्हणजे आत बुरशी बसली आहे. आणि अत्तराचा किंवा डांबरगोळ्यांचा उग्र वास आला तर तो कशासाठी मारलाय हे विचारायला हवं.

ट्रेकिंगचे बूट: इथे सगळ्यांत जास्त जपायचं

सह्याद्रीत ट्रेकला आलेल्या कुणाचा तरी सोल अर्ध्या वाटेत सुटतो आणि मग बूट नाडीने बांधून माणूस खाली उतरतो. हे दृश्य नियमित भटकणाऱ्यांना नवं नाही. बहुतेक वेळा तो बूट फार वापरलेला नसतोच. कपाटात पडून राहिलेला असतो.

याचं कारण पॉलियुरेथेन. अनेक ट्रेकिंग बुटांचा मधला थर या पदार्थाचा असतो. तो टिकाऊ आहे, वजन पेलतो, पण हवेतल्या ओलाव्यामुळे त्याच्या रेणूंचे बंध हळूहळू तुटत जातात. याला जलअपघटन म्हणतात. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो, आत फोमचा भुगा होत असतो. कोकणात आणि मुंबईत हवा वर्षातले बरेच महिने दमट असते, तिथे हे लवकर होतं. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवलेल्या बुटांचंही तसंच होतं. म्हणून ‘सात वर्षांपूर्वी घेतले, एकदाही घातले नाहीत, डब्यातच आहेत’ हे ऐकून खूश होऊ नका. ते वाक्य धोक्याची सूचना आहे. उलट दोन वर्षं नियमित वापरात असलेली जोडी बऱ्याचदा जास्त भरवशाची निघते.

तपासायचं असं: मधल्या थरात अंगठा जोरात रुतवा. तो दबून परत वर आला पाहिजे. बारीक भेगा दिसल्या, पापुद्रा सुटला, बोटाला चिकट लागलं किंवा भुगा पडला तर बूट खाली ठेवा. पुढचा चवडा वाकवून सोल आणि वरचा भाग यांच्या सांध्यात फट पडते का ते बघा. काही कंपन्या जिभेमागच्या लेबलवर उत्पादनाची तारीख छापतात. पॉलियुरेथेनचा तळ पाच वर्षांहून जुना असेल तर मी तो ट्रेकसाठी घेणार नाही, मग किंमत काहीही असो.

रबराच्या दातांकडेही लक्ष द्या. रबर वयाने कडक होतं. दातात नख रोवून बघा, थोडं तरी रुतलं पाहिजे. चकचकीत, दगडासारखं झालेलं रबर पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर पकड घेत नाही, आणि घसाऱ्यावरून उतरताना त्याची किंमत मोजावी लागते. टाचेचे आणि चवड्याचे दात निम्म्याहून जास्त झिजले असतील तर तो बूट शहरात चालायला ठेवा.

सोल फक्त गोंदातून सुटला असेल आणि फोम शाबूत असेल तर मात्र उपाय आहे. गटई कारागिराकडून सोल्युशन लावून सगळीकडून शिवून घ्या. शिवलेला सोल निव्वळ चिकटवलेल्यापेक्षा नक्कीच जास्त टिकतो. पण भुगा होऊ लागलेल्या फोममध्ये टाका धरत नाही. शक्य असेल तर विकत घेण्याआधीच बूट कारागिराला दाखवा. तो दोन मिनिटांत सांगेल, आणि त्याचं मत माझ्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा मोलाचं आहे.

धावण्याचे बूट: भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्यासाठी महिनोन्‌महिने सराव चालतो, बराचसा डांबरी रस्त्यावर. म्हणून जुन्या बाजारातले मोठ्या कंपनीचे रनिंग शूज खुणावतात. माझं ऐकाल तर ते टाळा.

धावण्याच्या बुटातला फोम बहुधा ईव्हीए नावाच्या हलक्या, स्पंजासारख्या प्लास्टिकचा असतो. त्यात हवेचे असंख्य बारीक कप्पे असतात आणि प्रत्येक पावलाला ते दबतात. काही काळाने ते पूर्ण फुलत नाहीत. रनिंग शूजचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरलं जातं. रोज ५ किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे आठवड्याला ३० किलोमीटर. या हिशोबाने ६०० किलोमीटर वीस आठवड्यांत, पाच महिन्यांच्या आत, पूर्ण होतात. विकायला आलेली जोडी यातले किती किलोमीटर संपवून आली आहे हे कुणालाच सांगता येत नाही. वरचं कापड मात्र तेव्हाही छान असतं.

त्याच पैशांत मिळणारी साधी, कमी नावाजलेली पण नवी जोडी सरावासाठी बरी. नडगी दुखायला लागून ऐन चाचणीआधी तीन आठवडे बसून राहावं लागलं तर वाचवलेले पाचशे रुपये कुठल्या कामाचे? जुनी घ्यायचीच असेल तर फोमच्या कडेला आडव्या सुरकुत्या दाट आहेत का ते बघा, आणि घालून जागच्या जागी उड्या मारा. टाच जमिनीवर धपकन आदळल्यासारखी वाटली तर फोम संपला आहे.

चामडी बूट: इथे खरा फायदा

मुलाखतीसाठी, वकिलीसाठी, लग्नासाठी फॉर्मल बूट हवे असतील तर जुना बाजार खरोखर उपयोगी आहे. चांगलं चामडं वर्षानुवर्षं टिकतं, आणि ज्याचा तळ शिवलेला असतो त्याला तो नवा बसवता येतो. वरच्या चामड्यावर चवड्यापाशी घड्या असणारच, पण त्या घड्यांत भेग नको. भेगाळलेलं चामडं पॉलिशने झाकतं, बरं होत नाही. थेंबभर पाणी टाकून बघा. खरं चामडं ते हळूहळू शोषून थोडं काळवंडतं, रेक्झिनवरून ते ओघळून जातं. जाड पॉलिश असेल तर हा प्रयोग फसतो, तेव्हा आतल्या बाजूची न रंगवलेली कड बघा. तिथे तंतू दिसले तर चामडं, कापडाची जाळी दिसली तर रेक्झिन.

कोल्हापुरी चप्पल मात्र दुसऱ्याची घेऊ नका. तिचा तळही चामड्याचाच असतो आणि तो घालणाऱ्याच्या पायाप्रमाणे घडत जातो. अंगठ्याची आणि टाचेची जागा एकदा खोल बसली की ती चप्पल त्या पायाची झाली.

कुणी घेऊच नयेत

मधुमेह असलेल्यांनी, विशेषतः पायांची संवेदना कमी झाली असेल तर, वापरलेले बूट घेऊ नयेत. आतली सुटलेली शिवण किंवा खिळ्याचं टोक त्यांना टोचलेलं कळत नाही, जखम चिघळते आणि गोष्ट पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. इथे काटकसर करू नका. नुकतंच चालायला लागलेल्या बाळालाही दुसऱ्याचे झिजलेले बूट नकोत. मोठ्या मुलांचं वेगळं. त्यांचे पाय इतक्या लवकर वाढतात की अनेक जोड्या जवळजवळ न झिजताच लहान होतात, आणि भावंडांत किंवा शेजारी फिरवायला त्या उत्तम.

सेफ्टी शूजचा पुढचा स्टीलचा कप एकदा जड वस्तू पडून दबला असेल तर पुन्हा तेवढा मार पेलेलच असं नाही, आणि तो आतून दबलाय हे वरून दिसत नाही. शिवाय कामाच्या ठिकाणी ते पुरवणं मालकाची जबाबदारी आहे. हक्काने मागा.

घरी आणल्यावर

पायाला होणारा बुरशीचा संसर्ग बुटातून पसरू शकतो. त्याचे बीजाणू बुटात महिनोन्‌महिने तग धरतात. फ्रीजरमध्ये बूट ठेवल्याने ते मरतात असा समज आहे, पण थंडीने ते नष्ट होत नाहीत. खायच्या सोड्याने वास जातो, बुरशी नाही. डांबरगोळ्याही फक्त वास झाकतात.

बूट घराबाहेरच झटका, आत झुरळ किंवा ढेकूण असू शकतो. सुकतळा आणि नाड्या काढा. सुकतळा सरळ टाकून द्या आणि नवा घ्या, यात तडजोड नको. कापडी बूट कोमट पाण्यात साबणाची पूड टाकून मऊ ब्रशने घासा. रात्रभर भिजत ठेवू नका आणि कडकडीत पाणीही नको, गोंद सुटतो. नाड्या ठेवायच्या असतील तर त्यांना मात्र चांगलं गरम पाणी चालतं. चामडी बूट ओल्या फडक्याने पुसायचे, पाण्यात बुडवायचे नाहीत.

मग मेडिकलमधून ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणा, कापसाच्या बोळ्याने आतला प्रत्येक कोपरा, विशेषतः बोटांकडचा भाग, पुसून घ्या. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि गॅस-दिव्यापासून लांब करा, कारण ते पटकन पेट घेतं. चामड्याच्या बाहेरून ते लावू नका, रंग उतरतो.

वाळवताना आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ओले झाले की बदला. पंख्याखाली, सावलीत ठेवा. कापडी बुटांना थोडं ऊन चालेल, चामडं उन्हात तडकतं. पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस द्या. म्हणूनच मी जुने बूट दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत घ्यायला सांगेन. ऐन पावसाळ्यात आतला ओलावा जात नाही आणि धुतलेल्याचा उपयोग राहत नाही. वाळल्यावर क्लोट्रिमाझोल या बुरशीवरच्या औषधाची पावडर आत भुरभुरा आणि पहिले दोन आठवडे रोज टाकत राहा. बोटांच्या बेचक्यात खाज सुटली किंवा कातडी पांढरी पडून सोलली तर बूट बंद करून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

हिशोब आणि चाचणी

किंमत ठरवताना पुढचा खर्च धरा. समजा बूट ६०० रुपयांना मिळाले, सुकतळा १५०, शिवणकाम १५०, पावडर आणि अल्कोहोल २००. म्हणजे बूट ११०० रुपयांना पडले. तशाच दर्जाचे नवे २००० ला मिळत असतील तर मी घेणार नाही. सगळा खर्च धरून नव्याच्या निम्म्याच्या आत बसलं पाहिजे, अशी मर्यादा मी पाळतो.

सुरुवातीचे काही दिवस मोजे घालून फक्त घरात, तासभर वापरा. मग जिने चढा-उतरा. उतरताना अंगठा पुढे आपटत असेल तर गडावरून उतरताना नख काळं पडणार हे नक्की. नंतर दोन-तीन किलोमीटरची फेरी मारा. गुडघा, घोटा किंवा टाच अशा ठिकाणी दुखलं जिथे एरवी दुखत नाही, तर बूट तुमच्यासाठी नाहीत. ट्रेकचे बूट आधी पर्वती-सिंहगडासारख्या रोजच्या वाटेवर तपासा, लांबच्या मुक्कामी ट्रेकला थेट नेऊ नका.

न जमलेली जोडी दुसऱ्याला देताना धुऊन, दोन्ही नाड्या एकमेकींना बांधून द्या, म्हणजे जोडी फुटत नाही. तळ पार गेला असेल तर कुणा गरजूच्या गळ्यात मारू नका. श्रियांस भंडारी आणि रमेश धामी या दोन धावपटूंनी सुरू केलेली ग्रीनसोल ही संस्था जुन्या बुटांपासून चपला बनवून मुलांपर्यंत पोहोचवते. तशा ठिकाणी त्या बुटांचं काहीतरी होऊ शकतं.